सातबारा कोरा आहे, मग मोजणी कशाला?

बरेच जण म्हणतात की सातबारा कोरा (कर्जाचा बोजा नसलेला) आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी) हातात असला की घर-जागा घ्यायला हरकत नाही. अर्धंच बरोबर आहे. सातबारा मालक आणि क्षेत्र सांगतो. ते क्षेत्र जमिनीवर नेमकं कुठून कुठपर्यंत आहे हे सांगत नाही. सर्च रिपोर्टवाला वकीलही कागद बघतो, कुंपण नाही.

गावाकडचं बैठं घर किंवा प्लॉट घेत असाल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी, म्हणजे जागेच्या सीमा दाखवणारी सरकारी मोजणी, करून घ्याच. अर्ज मात्र खातेदाराच्या (सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या) नावाने लागतो, म्हणजे विकणाऱ्याला करायला लावा. शेजारच्या धारकांना नोटिसा जातात, आणि खरा फायदा तिथेच आहे: ज्याचा बांधावरून वाद आहे तो त्या दिवशी हमखास उगवतो! खरेदीखतानंतर उगवण्यापेक्षा हे बरं. मोजणीनंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते, ती मागून घ्या आणि त्यावरची वहिवाटीची (प्रत्यक्ष ताब्याची) रेघ व अभिलेखातली हद्द जुळतात का ते बघा.

एका गटात (एकाच गट नंबरच्या जमिनीत) चार-पाच नावं असतील आणि पोटहिस्से, म्हणजे प्रत्येकाचे वेगळे तुकडे, पडलेले नसतील, तर ‘आमचा रस्त्याकडचा भाग’ या तोंडी बोलण्याला अर्थ नाही.

खासगी सर्व्हेअर टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून झटपट नकाशा देतो. अंदाजाला ठीक, पण वाद झाला तर सरकारी मोजणीच विचारतात. मालक मोजणीला टाळाटाळ करत असेल तर इसार देऊ नका.