इंग्रजीच्या तासाला कचऱ्यावर चर्चा घ्यायची, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: एक इंग्रजी शिक्षिका, बार्शी तालुका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. पुनर्वापर आणि पर्यावरणरक्षण या विषयावर इंग्रजीतून चर्चा घ्यावी म्हणून गेल्या आठवड्यात मी दोन तास राखून ठेवले होते. परंतु चर्चा अशी झालीच नाही. एकामागून एक मुले उभी राहिली, "वी शुड प्लांट ट्रीज", "वी शुड सेव्ह एन्व्हायरमेंट", "वी शुड नॉट यूज प्लास्टिक" अशी तीन-चार वाक्ये म्हणाली आणि खाली बसली. कोणी कोणाला उत्तर दिले नाही, कारण उत्तर द्यावे असे त्यात काही नव्हतेच. मधल्या सुट्टीत मात्र याच मुलांपैकी दोघे जण रद्दीचा भाव कोणत्या दुकानात चांगला मिळतो यावर हमरीतुमरीवर आले होते. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे इतके आहे ती मुले माझ्या तासाला मुकी का होतात, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

शब्द मी फळ्यावर लिहून दिले होते: रिड्यूस, रीयूज, रिसायकल, पोल्यूशन, ग्लोबल वॉर्मिंग. त्यांचे अर्थ मुलांना पाठ आहेत. वर्गात ५२ मुले आहेत, प्रोजेक्टर नाही आणि तास ३५ मिनिटांचा आहे. आपणांपैकी कोणी हा विषय वर्गात घेतला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: माध्यमिक शिक्षक, पुणे

मॅडम, आपल्या फळ्यावरचे पाचही शब्द बरोबर आहेत, पण त्यांतल्या एकालाही हात लावून पाहता येत नाही, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. मुलाने आयुष्यात कधी ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द वापरून कोणाशी वाद घातलेला नसतो; पाण्याच्या रिकाम्या बाटलीवरून मात्र घातलेला असतो. म्हणून मी सुरुवात एका बाटलीपासून करतो.

पाण्याची एक रिकामी बाटली, कात्री आणि पाण्याने भरलेली बादली एवढेच साहित्य लागते. बाटलीचा एक तुकडा कापून घ्यावा, झाकणाचाही घ्यावा (हे काम शिक्षकाने स्वतः करावे, झाकण कापताना कात्री सटकते) आणि दोन्ही पाण्यात टाकण्यापूर्वी वर्गाला विचारावे, "विल इट फ्लोट ऑर विल इट सिंक?" हात वर होतात आणि दोन तट पडतात. मग तुकडे पाण्यात बुडवून, चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून सोडून द्यावेत. बाटलीचा तुकडा तळाशी जातो, झाकणाचा वर राहतो. "द बॉटल सिंक्स, बट द कॅप फ्लोट्स." जो 'एस' लावायला आम्ही पाचवीपासून सांगत असतो, तो इथे मुले आपण होऊन लावतात, कारण वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले असते.

यानंतर 'का' हा प्रश्न येतोच. बाटली पीईटी या प्लास्टिकची असते आणि ते पाण्यापेक्षा जड असते. झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे किंवा एचडीपीईचे असते आणि ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असतात. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यातही बाटल्यांचा चुरा करून, तो पाण्यात टाकून याच रीतीने वेगळा करतात. तेवढे सांगितले की कर्मणी प्रयोगाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही: "बॉटल्स आर कलेक्टेड. दे आर सॉर्टेड. दे आर वॉश्ड. दे आर कट इंटू फ्लेक्स." हे काम कोण करतो यापेक्षा बाटलीचे काय होते हे महत्त्वाचे असल्यामुळे कर्मणी प्रयोग इथे ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. या चुऱ्यापासून पुढे पॉलिस्टरचा धागा होतो हे ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने स्वतःच्या ओढणीचे टोक हातात धरून विचारले होते, "सर, इज धिस बॉटल?" वाक्यात चूक होती, पण वर्षभरात तिने आपण होऊन विचारलेला तो पहिला इंग्रजी प्रश्न होता, आणि मी चूक दुरुस्त न करता आधी उत्तर दिले.

वेफर्सचे रिकामे पाकीटही जवळ ठेवावे. त्यात प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सहज सुटे करता येत नाहीत. म्हणूनच भंगारवाला बाटली घेतो आणि पाकीट घेत नाही. त्याचप्रमाणे, बाटलीच्या तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो, त्याचा अर्थ 'ही वस्तू पुन्हा वापरात येते' असा नसून तो केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. हा गैरसमज मोठ्यांमध्येही फार आहे, तेव्हा मुलांनी तो घरी जाऊन दूर केला तर मला आनंदच वाटेल.

उत्तर २: इंग्रजीची प्राध्यापिका, अंबाजोगाई

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र चर्चा होण्यासाठी वस्तूबरोबरच खरा मतभेदही लागतो. तो आपल्याकडे तयार आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीत पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. एकाने भाजीवालीची बाजू घ्यावी, दुसऱ्याने पिशवी न आणलेल्या गिऱ्हाइकाची, तिसऱ्याने नगरपालिकेच्या निरीक्षकाची. भाजीवालीला दंड परवडत नाही आणि गिऱ्हाईक सोडणेही परवडत नाही, हे मुलांना बाजारात पाहून ठाऊक असते. त्यामुळे "यू मस्ट नॉट गिव्ह" आणि "यू डोन्ट हॅव टू गिव्ह" यांतला फरक, म्हणजे 'देऊ नये' आणि 'दिलेच पाहिजे असे नाही' यांतला फरक, नियमाने समजावण्याची वेळ येत नाही. निरीक्षकाच्या तोंडी चुकीचे वाक्य आले की सारा वर्गच त्याला अडवतो.

या विषयात आपल्या मुलांच्या ठरलेल्या चुका तीन-चारच आहेत आणि त्यांतल्या काही मराठीतून येतात. आपण 'प्रदूषणाबद्दल चर्चा करतो', म्हणून मुले "डिस्कस अबाउट पोल्यूशन" म्हणतात. तिथे 'अबाउट' नको. 'वेस्ट' आणि 'गार्बेज' यांचे अनेकवचन करू नये. 'एन्व्हायर्नमेंट'च्या आधी 'द' हवा आणि मधला 'न' लिहिताना गाळू नये. उच्चाराकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे 'व' एकच असल्यामुळे ओला कचरा, म्हणजे 'वेट वेस्ट', म्हणताना दोन्ही शब्दांची सुरुवात दात ओठाला टेकवून होते आणि स्वर ऱ्हस्व राहतो. मग ऐकणाऱ्याला 'व्हेट' म्हणजे पशुवैद्य आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन ऐकू येते. ओठांचा चंबू करून, दात न लावता 'वेट', आणि 'वेस्ट'मधला 'ए' लांबवून, असा दोन मिनिटांचा सराव रोज करून घ्यावा.

उत्तर ३: लेस्टर, इंग्लंड

मी येथे नव्याने आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी आठवड्यातून एकदा जाते. आमच्या वर्गात या विषयाची गरज अगदी पहिल्या महिन्यात लागते, कारण कोणत्या डब्यात काय टाकायचे याचे पत्रक घरी येते आणि ते वाचता आले नाही तर शेजाऱ्यांशी कटकट होते. एक गोष्ट आपल्या मुलांच्या उपयोगाची म्हणून सांगते. येथे जुनी वर्तमानपत्रे नगरपालिका घेऊन जाते, त्यांचे पैसे मिळत नाहीत. दारी येऊन तराजूने रद्दी तोलणारा आणि रोख पैसे देणारा माणूस, हे वर्णन मी वर्गात केले तेव्हा निरनिराळ्या देशांतून आलेल्या त्या मंडळींनी मला प्रश्नांवर प्रश्न विचारले. 'रद्दी'ला इंग्रजीत नेमका एक शब्द नाही. तो समजावून सांगायला चार वाक्ये लागतात, आणि ती चार वाक्ये आपली मुले उत्तम सांगू शकतील.

उत्तर ४: महापालिका शाळेतील शिक्षिका, पुणे

मला एक काळजीची बाब मांडावीशी वाटते. माझ्या वर्गात काही मुलांच्या आया कचरावेचक आहेत. पूर्वी मी या धड्याच्या वेळी कचऱ्याबद्दल "डर्टी" हा शब्द सहज वापरत असे. एका मुलाने त्या दिवशी मान वर केली नाही. त्यानंतर मी शब्द जपून वापरते. इंग्रजीत 'स्कॅव्हेंजर' आणि 'रॅगपिकर' हे शब्द पुस्तकांतून आढळतात. मी 'वेस्ट पिकर' शिकवते. पुण्यात या कामगारांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. त्यांना कोणता कागद, कोणते प्लास्टिक, हे हाताला कळते.

मी आता त्यांच्यापैकी एका ताईंना, त्यांची परवानगी घेऊन, वर्गात बोलावते. मुले प्रश्न मराठीत विचारतात, ताई मराठीत उत्तरे देतात आणि दुसऱ्या दिवशी मुले ते इंग्रजीत सांगतात: "शी सेड दॅट पीपल मिक्स ग्लास विथ फूड." "शी टोल्ड अस टू रॅप इट इन पेपर." अप्रत्यक्ष कथनाचा इतका चांगला सराव मला दुसऱ्या कशातून करून घेता आलेला नाही. ज्या मुलाची आई आली, त्याला मी आधी विचारते, 'सांगू का?' तो नको म्हणाला तर सांगत नाही.

प्रश्नकर्ती, आठ दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. बादलीचा प्रयोग काल केला. हवेचे बुडबुडे झटकायला मी विसरले, त्यामुळे बाटलीचा तुकडा आधी तरंगला आणि वर्गातले निम्मे जण "आय टोल्ड यू!" म्हणून ओरडले, मग तो बुडाला तेव्हा उरलेले निम्मे ओरडले. सोमवारी रद्दीचा भाव हा विषय ठेवला आहे. हमरीतुमरीवर आलेल्या त्या दोघांना आमनेसामने बसवणार आहे, आणि 'मापात मारतो' हे इंग्रजीत कसे म्हणायचे, हे त्यांतल्या एकाने मला आजच विचारून ठेवले आहे.