मदत हवी आहे: आजोबांचं फाव्र-लुबा 'सी चीफ'

नमस्कार मंडळी. आजोबांचं फाव्र-लुबा या स्विस कंपनीचं चावीचं मनगटी घड्याळ, 'सी चीफ', माझ्याकडे आलं आहे. रोज सकाळी चावी दिली की अजूनही छान चालतं. डायल मात्र पिवळी पडली आहे, आणि दुरुस्तीवाले काका म्हणतात, "नवी रंगवून देतो." माझं मन होत नाही. डायल रंगवली की घड्याळाचा अस्सलपणा जातो का? फक्त मशीन उघडून साफसफाई आणि तेलपाणी करणारा, जुन्या स्विस मशीनचा जाणकार कारागीर मुंबई-पुण्यात कोणाला माहीत आहे का?

दुसरा प्रश्न नव्या घड्याळाचा. फाव्र-लुबा हे १७३७ पासूनचं नाव. एके काळी आपल्याकडे घरोघरी दिसायचं. क्वार्ट्‌झच्या (बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांच्या) लाटेनंतर मालक बदलत गेले. २०११ मध्ये टायटनने ते घेतलं, २०२३ मध्ये एथॉस या घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेलं आणि २०२४ मध्ये जिनिव्हात नवी मॉडेल्स आली. मालकी भारतीय हातात आहे याचा मला खरंच आनंद आहे. पण मुलाला पदवीनिमित्त नवं फाव्र-लुबा द्यावं, तर ते आजोबांच्या घड्याळासारखं दोन पिढ्या टिकेल का? कोणी वापरत असेल तर मशीन, काच, केसचं फिनिशिंग, सर्व्हिसचा खर्च, सगळं सविस्तर सांगा.