ठासणीच्या रायफलला पीप साइट: टँगवर लावू की नळीवर? ड्रिल हातात घ्यायच्या आधी विचारतोय

धुरकट_माशी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे हॉकेन टाइपची (जुनी अमेरिकन शिकारी धाटणी) ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची रायफल आहे, .५० कॅलिबर, टोपीवाली (घोडा टोपीवर आपटून दारू पेटते), १५/१६ इंची अष्टकोनी नळी, आणि हुकवाला ब्रीच (नळीची मागची बंद बाजू) म्हणजे पाचर काढली की नळी सुटून हातात येते. कापडात गुंडाळलेली गोल गोळी मारतो, ५० मीटरवर, क्वचित १०० वर. आता वय ५४ आणि प्रॉब्लेम असा की मागची खाच नुसती धुरकट दिसते, खाचेवर नजर लावली तर माशी (नळीच्या तोंडाजवळची पुढची साइट) जाते, माशी पकडली तर टारगेट जातं, तिन्ही काही एकावेळी हाताला लागत नाहीत. पाच गोळ्यांतल्या तीन जवळजवळ आणि दोन कुठेतरी भलतीकडेच, आणि चाप ओढताना मला तरी पाची सारख्याच वाटलेल्या असतात.
पीप, म्हणजे बारीक भोकातून बघायची मागची साइट, लावायचं मनात आहे पण टँगवर (ब्रीचमागची दस्त्यात बसलेली लोखंडी पट्टी) लावायची की आत्ताच्या खाचेच्या जागी नळीवरच डव्हटेलमध्ये (साइट बसवायची तिरक्या कडांची आडवी खोबण) बसवायची हे ठरेना. आणि भोक केवढं घ्यायचं? टँगला भोकं नाहीत, पाडावी लागतील, आणि एकदा पाडली की बुजवता येत नाहीत म्हणून आधी विचारतोय.

कानसबहाद्दर:
काका, ड्रिल ठेवा बाजूला, आधी चिकटपट्टी घ्या. चेष्टा नाही करत. काळी इलेक्ट्रिकची टेप घ्या, बोटाच्या नखाएवढा तुकडा, मधोमध तापवलेल्या सुईनं एक-सव्वा मिलिमीटरचं स्वच्छ गोल भोक पाडा आणि शूटिंगच्या चष्म्यावर अशा जागी चिकटवा की गाल दस्त्यावर टेकवल्यावर बरोब्बर त्या भोकातून माशी दिसेल. जागा सापडायला दोनचार वेळा टेप सरकवावी लागते. मग रिकामी रायफल खांद्याला लावून बघा, माशी आणि टारगेट दोन्ही एकदम टोकदार दिसायला लागले तर पीपचा तुम्हाला उपयोग होणार हे नक्की, आणि नाही दिसले तर दुखणं वेगळं आहे, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बारीक भोकातून बघितलं की जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी फोकसमध्ये येतं, पीपची अर्धी जादू हीच.
उरलेली अर्धी जादू म्हणजे भोकाकडे बघायचंच नसतं. डोळा आपोआप गोलाच्या मध्यावर जातो, तिथेच उजेड जास्त असतो. तुम्ही फक्त माशी बघायची, म्हणजे तीन गोष्टींच्या दोनच उरल्या. बरेच जण पीप लावून पण भोकाच्या कडा बघत बसतात आणि मग म्हणतात काय उपयोग नाही झाला.

दारू_आणि_गज:
टेपची आयडिया बरोबर. आता टँग की नळी. माझं स्पष्ट मत आहे की पीप डोळ्याजवळ असेल तरच पीप. जुन्या खाचेच्या जागी, म्हणजे डोळ्यापासून हातभर लांब, बारीक भोक लावलंत तर त्यातून टारगेटचा एवढासा तुकडा दिसतो आणि भोकच माशीसारखं नेमात बसवत बसावं लागतं. तिथे मोठं भोक लावलं तर चालतं, पण मग खाचेपेक्षा फार काही वेगळं मिळत नाही. टँगवर लावलीत तर साइट रेडियस पण वाढते, म्हणजे माशी आणि मागची साइट यातलं अंतर. खाचेला ते ६०-६५ सेंमी असेल तर टँगवर ८५ च्या आसपास जाईल, तेवढीच चूक कमी.
पण तुमचा ब्रीच हुकवाला आहे ना, इथे खरी मेख आहे. माशी नळीवर, पीप टँगवर, आणि हे दोन भाग वेगवेगळे! धुवायला नळी काढली आणि परत बसवली की झिरो (साइटचा जुळवून ठेवलेला नेम) तिथेच येईल याची गॅरंटी फक्त हुक आणि पाचर किती घट्ट बसतात यावर. आधी तपासा, नळी बसवून हातानं वरखाली हलवून बघा, जराही खुळखुळ असली तर ती आधी काढा आणि मगच पीप. नाहीतर दर वेळी धुतल्यावर नवा झिरो शोधत बसाल आणि शिव्या साइटला द्याल.

टोपीफुटली:
+१ हुकबद्दल. मी उलट्या क्रमानं केलं, पीप आधी, मग कळलं पाचरच ढिली. सोपी टेस्ट सांगतो, पाच गोळ्या मारा, नळी काढा, बसवा, परत पाच मारा. दोन्ही ग्रुप एकमेकांवर पडले तर ठीक. माझे एवढे लांब पडले की मला वाटलं दुसरंच कोणी मारून गेलं.

खाचेचा_माणूस:
माझं वेगळं मत. हॉकेनवर पीप म्हणजे धोतरावर टाय. ठासणीच्या बंदुकीची मजाच खाच आणि माशीत आहे, डोळे गेले तर अंतर कमी करा, २५ मीटरवर या. हे सगळं आधुनिक खूळ आहे.

कानसबहाद्दर:
@खाचेचा_माणूस दादा, खूळ म्हणा पण आधुनिक नका म्हणू. १८७४ साली अमेरिकेत क्रीडमूरच्या रेंजवर आयरिश टीम अमेरिकन टीमविरुद्ध उतरली तेव्हा आयरिश लोकांच्या हातात रिग्बीच्या ठासणीच्याच रायफली होत्या, समोर ब्रीचमधून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आणि दोन्हीकडे मागे भोकाचीच साइट, उभ्या पट्टीवर व्हर्नियरनं (बारीक मोजपट्टीनं) वरखाली होणारी. आयरिश ९३१, अमेरिकन ९३४. तीन पॉइंटनं गेली मॅच. आता १००० यार्डावर खाचेनं मारून दाखवा मग धोतर-टायचं बोलू.

खाचेचा_माणूस:
त्या लांब पल्ल्याच्या मॅचरायफली होत्या, हॉकेन नव्हे. पण बरं, एक पॉइंट तुमचा. काकांनी कुठल्या स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम मात्र आधी वाचा. एमएलएआयसीच्या (ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना) मॅचमध्ये मिनिए आणि लामार्मोरा या मिलिटरी रायफलींच्या आहेत, तिथे मूळ साइटच लागते, पीप लावून गेलात तर हात हलवत परत. व्हिटवर्थ ही मॅच फ्री (मिलिटरी नसलेल्या) रायफलची, तिथला प्रश्न वेगळा. शिकारीचे नियम पण जागोजागी वेगळे, काही ठिकाणी ठासणीच्या सीझनला दुर्बीण चालत नाही पण पीप चालते.

दारू_आणि_गज:
भोक केवढं, हे राहिलंच. कागदी टारगेटवर भर उजेडात १ ते १.२ मिमी मस्त. पण तेच भोक झाडीत किंवा संध्याकाळी घेऊन गेलात तर अंधाराशिवाय काही दिसणार नाही, तिथे ३ मिमी तरी हवं. लायमन, विल्यम्स या दोन्ही साइट कंपन्यांच्या साइटची चकती आट्यांनी बसते, चकतीच काढून टाकली की मागे उरतं ते मोठं भोक, संध्याकाळी त्यातूनच मारा. मोठं भोक म्हणजे नेम गेला ही भीती काढून टाका, डोळा त्यातही मध्य शोधतोच, फक्त पाठचं चित्र तेवढं टोकदार नसतं.
आणि पुढची माशी! हे सगळे विसरतात. टँगवरची पीप खाचेपेक्षा उंच बसते. अगदी तळाला आणली तरी गोळी वर जात राहते आणि मग माणूस म्हणतो साइट खराब. साइट खराब नाही, माशी बुटकी आहे. हिशोब साधा: साइट रेडियस गुणिले चूक, भागिले टारगेटचं अंतर. समजा रेडियस ८६० मिमी, ५० मीटरवर गोळी १५० मिमी वर, तर ८६० × १५० ÷ ५०,००० म्हणजे साधारण २.६ मिमी. तेवढी उंच माशी लागणार. घेताना त्याहून थोडी जास्तच उंच घ्या, कारण कानस मारून कमी करता येते, वाढवता येत नाही. माशी घासली की गोळी वर जाते हे ध्यानात ठेवा, मागची साइट जिकडे न्याल तिकडे गोळी, पुढची त्याच्या उलट.

लेथवाला:
वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय म्हणून मधे तोंड घालतो. काका, ड्रिलच्या आधी पहिलं काम: गज (गोळी ठासायची काठी) नळीत पूर्ण आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग गज बाहेर काढून नळीच्या शेजारी धरा. खूण ते टोक एवढी लांबी ब्रीचपर्यंत पोचली पाहिजे. नाही पोचली तर आत काहीतरी आहे. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघाल्यात. टोपी काढली म्हणजे रिकामी झाली असं नसतं, दारू आतच असते.
नळीवर भोक पाडायचा विचार सोडून द्या. हिशोब बघा, १५/१६ इंच म्हणजे २३.८ मिमी, त्यातून १२.७ चं बोअर गेलं की एका बाजूला साडेपाच मिमी भिंत उरते, रायफलिंगचे (बोअरमधल्या पिळाचे) खाचे त्यातूनच वजा, आणि ब्रीचकडे तर प्लगचे आटे असतात आणि प्रेशर पण तिथेच सगळ्यात जास्त. चुकून अर्धा मिमी जास्त खोल गेलात तर नळी गेली, आणि तुमचा चेहरा त्याच्या मागे असतो. टँगवर तो धोका नाही.
टँगवर मारताना हातातलं ड्रिल नको, प्रेसच हवं, आणि टँग खाली वाकलेली असते म्हणून वरचा पृष्ठभाग सपाट बसवून घ्या. साइटच्या स्क्रूला बहुतेक ६-४८ आटे (६ नंबरचा स्क्रू, इंचाला ४८ आटे) लागतात, त्याला ३१ नंबरचं ड्रिल, म्हणजे ३ मिमीच्या अगदी किंचित वर. दोन्ही भोकं एकदम मारू नका!! आधी पुढचं एक, टॅप मारा (आटे पाडा), साइट एका स्क्रूवर बसवा, नळीच्या वरच्या सपाटीवर लेव्हल ठेवून पीपमधून माशीशी रांग जुळवा आणि मगच दुसऱ्या भोकाची खूण. टॅप तेल लावून, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, घाई केली की आत तुटतो आणि तुटलेला टॅप काढणं म्हणजे एक स्वतंत्र दुखणं आहे.
टँगचा मोठा स्क्रू बऱ्याच हॉकेनमध्ये खालच्या चापाच्या पट्टीपर्यंत जातो. साइटच्या बेससाठी लांब स्क्रू घातला तर तो चापाला अडकत नाही ना, घोडा हाफ कॉकवर (अर्धा ओढून) राहतो ना, हे रिकाम्या रायफलीवर दहा वेळा बघा. घोडा ओढताना अंगठा साइटला लागतो का ते पण.

टोपीफुटली:
भुवई सांभाळा, दारू जास्त भरलीत तर टँगवरची साइट डोळ्याला भेटायला येते. तीन बोटं तरी अंतर ठेवा. आणि काळ्या दारूची राख ओल धरते, स्क्रूच्या आट्यांना ग्रीस नाही लावलं तर गंजून असे बसतील की पुढच्या वर्षी ड्रिलनंच काढावे लागतील.

धुरकट_माशी:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टेप लावून बघितली. मंडळी, चार वर्षांनी माशी एवढी स्वच्छ दिसली, मी ती रिकामी रायफल धरून भिंतीवरच्या स्विचवर दहा मिनिटं नेम धरत बसलो, बायको म्हणाली काय झालंय. पाचर मात्र खरंच ढिली निघाली, उभी हलते. म्हणजे आधी ती. गजाची टेस्ट पण केली, रिकामी आहे. आता टँगवरच, पण भोकं लेथवाले म्हणतात तसं प्रेस असलेल्या माणसाकडून. लायमनची ५७ चालेल का?

दारू_आणि_गज:
५७ चांगली, पण ती कुठल्या रायफलसाठी बनवलीय ते बघून घ्या. ५७ जीपीआर ही लायमनच्याच ग्रेट प्लेन्स रायफलसाठी आहे, त्या टँगला भोकं कंपनीतूनच असतात. तुमच्या टँगचा बाक वेगळा असला तर खाली पत्र्याचा तुकडा घालावा लागेल. क्लिक पाव मिनिटाचा (कोनाचा मिनिट) म्हणतात पण रेडियस लांब झाला की प्रत्येक क्लिकला गोळी थोडी कमीच सरकते, म्हणून छापील आकड्यावर न जाता दहा क्लिक फिरवून कागदावर मोजा.

लेथवाला:
आणि जुनी खाच डव्हटेलमधून काढून टाका, नाहीतर नव्या भोकातून माशीच्या आधी तीच आडवी दिसत राहील. रिकाम्या डव्हटेलमध्ये पितळेचा तुकडा ठोकून नळीच्या सपाटीला घासून घ्या. ठोकताना उजवीकडून डावीकडे का डावीकडून उजवीकडे ते आधी बघा, एका बाजूनं अरुंद असतं.