मदत हवी आहे: यामाहा पी-१४५ की रोलँड एफपी-१०?
नमस्कार मंडळी. लेकीचे सर म्हणतात, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आता पुरे, वजनदार पट्ट्यांचा पियानो बघा. ८८ पट्ट्यांचे हे दोन डिजिटल पियानो वाजवून पाहिले. रोलँडची पट्टी अगदी हळू दाबली की शेवटी बोटाला बारीकशी खाच लागते, थेट खऱ्या पियानोसारखी. एका वेळी ९६ सूर वाजतात, यामाहात ६४. पण यामाहा थोडा हलका, आणि आवाज मला त्याचाच गोड वाटला. (दुकानातल्या गोंगाटात माझे कान किती खरे, देव जाणे!)

पेडल दाबलं की आधीचे सूरही घुमत राहतात, तेव्हा ६४ सूर खरंच अपुरे पडतात का? आणि सराव रात्रीचाच, हेडफोन लावून. तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते का? घरी वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.