ग्वाल्हेर : बाबांची ईसीएचएसमधली (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतली) पहिली तपासणी, काय तयारी करावी?

लष्करची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ईसीएचएसचं कार्ड तेव्हापासून कपाटात, तापबीप आला की मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे. आता वय ६८, गुडघे धरलेत, टीव्हीचा आवाज शेजारच्या वाड्यात जातो. परवा चक्कर आली तेव्हा कुठे पॉलिक्लिनिकला (ईसीएचएसच्या दवाखान्यात) यायला तयार झाले. आम्ही लष्करात राहतो (म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गैरसमज नको), पॉलिक्लिनिकसाठी मुरारला जायचंय. कागद काय न्यावेत? थेट खासगीत जाता येतं का? आणि बाबांना डॉक्टरांपुढे बोलतं कसं करावं?

मुरारवाला
आधी कार्ड कुठलं ते बघा. जुनी कार्डं बाद झालीत, ६४ केबीचं स्मार्ट कार्ड लागतं. नसेल तर ऑनलाइन अर्ज करा आणि तात्पुरती पावती जवळ ठेवा. आईचं कार्ड वेगळं. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार यांच्या झेरॉक्स न्या. सकाळी लवकर निघा.

बडोद्याची_वहिनी
आईचं नाव तपासा हो! माझं नाव लग्नात बदललं, तांदळात अंगठीनं लिहून. ह्यांच्या रेकॉर्डमध्ये सासरचं, आधारवर माहेरचं. मग प्रतिज्ञापत्र, अर्ज, पुन्हा अर्ज. तेवढे तांदूळ फार महागात पडले.

रिटायर्ड_नर्सिंग_असिस्टंट
ताई, तुमचा तिसरा प्रश्न खरा.

नोकरीत मेडिकल म्हणजे परीक्षा. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत, असलात तर बढती, कोर्स सगळं सुरळीत. कॅटेगरी खाली गेली की गाडी अडकली. शेपच्या अक्षरांतला एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, ई म्हणजे नजर. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) सिक रिपोर्ट केलं की उस्ताद म्हणणार, आला बहाणेबाज. मग माणूस दुखणं लपवायला शिकतो. मी स्वतः कितीतरी जवान पाहिलेत, घोटा सुजलाय आणि तोंडाने 'ठीक है सर'. निवृत्तीनंतरही पांढरा कोट दिसला की तेच वाक्य बाहेर पडतं. तुमचे बाबा तर तोफखान्यातले, कानांचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसणार.

म्हणून आदल्या रात्री त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या : काय होतं, कधीपासून, किती वेळा, जिना चढताना की उतरताना. चक्कर मान वळवल्यावर येते की उठल्यावर, हेही लिहा, कारण चक्करीचं मूळ कधीकधी कानातही असतं. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, नुसती नावं नकोत. रक्त उपाशीपोटी देणार असाल तर मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते आधी विचारा. आत सोबत जा, पण त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका. आणि एवढं सांगा की आता कॅटेगरी जायची नाही, बढती अडायची नाही.

खासगीबद्दल : पॉलिक्लिनिकचे डॉक्टर रेफरल देतात. गावात मिलिटरी हॉस्पिटल असेल आणि तिथे तो तज्ज्ञ असेल तर आधी तिथे, नाहीतर ईसीएचएसच्या यादीतल्या खासगी रुग्णालयात. सुभेदारांना सेमी-प्रायव्हेट खोली. जीवावर बेतलं तर रेफरलची वाट बघू नका, यादीतल्या रुग्णालयात थेट जा. यादीबाहेर जावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. पैसे आधी तुम्ही भरायचे, मग मंजूर दराने परत.

वाड्यावरचा
एवढी वणवण करण्यापेक्षा आरोग्य विमा काढा की सरळ.

मुरारवाला
६८ व्या वर्षी हप्ता विचारून बघा, मग बोलू. इथे वर्गणी एकदाच आणि खर्चाला वरची मर्यादा नाही.

बडोद्याची_वहिनी
फक्त काउंटरवर ठाम राहा. एका खासगी ठिकाणी रेफरल हातात असताना आमच्याकडे अनामत मागितली. कॅशलेस आहे, हे तीनदा सांगावं लागलं. आणि बेडई-जलेबीचा नाश्ता तपासणी झाल्यावरच! तुम्हा ग्वाल्हेरकरांचं काही सांगता येत नाही.

लष्करची_लेक
जाऊन आलो. सगळ्यांचे आभार.

कागद बाबांनी लिहिला, अगदी ड्यूटी रोस्टरसारखा, खाली सही. पण तो खिशातून काढायचं नाव नाही. डॉक्टरांनी वय विचारलं. बाबा म्हणाले, "ठीक है सर." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, बाबा पुन्हा "ठीक है सर". मग मी काही न बोलता त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. कागद वाचून डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्त सांगितलं, कानांसाठी मिलिटरी हॉस्पिटलचं रेफरल दिलं. बीपी बरंच वाढलेलं निघालं, गोळी आजपासून सुरू. गुडघ्यांचा एक्स-रे पुढच्या खेपेला.

औषधांच्या रांगेत बाबांना त्यांच्या रेजिमेंटचे एक काका भेटले. एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होते की आमचा टोकन नंबर पुकारलेला मलाच ऐकू आला नाही.