पगारी इंटर्नशिप फक्त एथनिक मायनॉरिटीच्या मुलांसाठी, बरोबर की चूक?

सह्याद्री_ते_मिडलँड्स:
नमस्कार मंडळी. विषय इंग्लंडमधला आहे पण इथे बरेच जण यूकेत आहेत आणि ज्यांची मुलं सायकॉलॉजी करतायत त्यांनी तर वाचाच. आमच्या भागातल्या एका एनएचएस ट्रस्टने (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या स्थानिक संस्थेने) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय अशा मुलांसाठी आठ आठवड्यांची पगारी इंटर्नशिप काढलीय, आणि अट अशी की अर्ज करणारा ब्लॅक, एशियन किंवा इतर एथनिक मायनॉरिटीतला हवा. त्यावरून आमच्या ऑफिसात दोन तट पडलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. ती एकदा मिळाली की प्रश्न मिटतो, एनएचएस फी भरते आणि वर बँड ६ चा पगार देते, म्हणजे वर्षाला पस्तीस हजार पौंडांच्या वर. अडचण आहे ती तिथपर्यंत पोचण्यात. चार-पाच अर्जांमागे एकाला सीट मिळते आणि अर्जात अनुभव लागतो, नुसत्या डिग्रीवर कोणी विचारत नाही. अनुभवासाठी असिस्टंट सायकॉलॉजिस्टची नोकरी लागते, पण त्या जाहिरातीवर काही तासांत इतके अर्ज येतात की लिंकच बंद करून टाकतात. मग मुलं काय करतात, फुकट काम करतात. त्याला ऑनररी असिस्टंट म्हणतात, नाव मोठं आणि पगार शून्य.

मी स्वतः नऊ महिने केलंय, आठवड्याला दोन दिवस. नवऱ्याचा पगार होता म्हणून जमलं. माझ्याबरोबर एक बांगलादेशी कुटुंबातली मुलगी होती, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, पेशंटशी बोलायला लागली की ऐकत राहावं. तिसऱ्या महिन्यात सोडून गेली कारण सुपरमार्केटमधल्या शिफ्ट सोडणं घरी परवडत नव्हतं. तिची रिकामी खुर्ची बघून मला दोन आठवडे कसंतरीच होत होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, अशी इंटर्नशिप हवी आणि पगारीच हवी. तुमचं काय?

टेम्सकाठचा:
ताई, पगारी हवी हे शंभर टक्के मान्य. पण ती वंशावरून का? वीस वर्षं इथे आहे, आयटीत आहे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांत दोघंही कमावते, मुलं प्रायव्हेट शाळेत, दोन गाड्या दारात. या घरातल्या मुलीला रंग सावळा म्हणून पगारी इंटर्नशिप आणि ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात काम करणाऱ्याच्या गोऱ्या मुलाला नाही? तोही सुपरमार्केटमध्येच शिफ्ट करतोय की. सरकारी आकडे बघा, ओएनएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या हिशोबात भारतीय वंशाच्या लोकांची तासाची सरासरी कमाई व्हाइट ब्रिटिशांपेक्षा जास्त निघते. कमी आहे ती पाकिस्तानी आणि बांगलादेशी लोकांची. मग सगळ्यांना एकाच पोत्यात का भरायचं? तुम्ही सांगितलेली गोष्ट पैशाची आहे, वंशाची नाही. घरचं उत्पन्न विचारा, शाळेत फ्री जेवण मिळत होतं का ते विचारा, आईवडील कॉलेजात गेले होते का ते विचारा. आणि माझ्या मुलीला उद्या कोणी म्हणालं की तू त्या स्कीममधून आलीस, तर तिला काय वाटेल हा विचार कोण करणार?

कोल्हापूरची_शाल्मली:
मी इथून लिहितेय, एमए करते. तुमच्याकडे पैसे मिळावेत की नाही यावर वाद चाललाय हे वाचूनच गलबलून आलं. आमच्याकडे इंटर्नशिपसाठी आपणच पैसे भरायचे असतात. मी एका ठिकाणी महिन्याची फी भरली, रोज एसटीने येऊन-जाऊन, आणि महिनाभर एका कोपऱ्यात बसून मॅडम केस हिस्टरी घेतात ते बघितलं. शेवटी सर्टिफिकेट. वर्गातल्या ज्या मुली फी भरू शकल्या नाहीत त्यांचा बायोडेटा कोराच राहिला. एमफिलच्या सीट एकेका सेंटरला मोजक्या, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी सहसा त्याच वाटेने व्हायची. त्यामुळे मला वाटतं आधी फुकट काम करून घेणंच बंद करा, सगळ्यांसाठी. मग कोणाला जास्त मदत द्यायची ते बघू.

नाइट_शिफ्ट_सिस्टर:
मेंटल हेल्थ नर्स, बर्मिंगहॅमजवळ, अकरा वर्षं. टेम्सकाठचा दादा, तुम्ही पैशाचं बोलता ते बरोबरच आहे, पण एकदा रात्री आमच्या अॅक्यूट वॉर्डवर येऊन बघा. मेंटल हेल्थ अॅक्टखाली जबरदस्तीने दाखल होणाऱ्यांत काळ्या लोकांचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन-चारपट आहे, हे सरकारचेच आकडे सांगतात. २०१८ मध्ये सर सायमन वेसली यांच्या समितीने त्या कायद्याचा आढावा घेतला तेव्हाही हा मुद्दा ठळकपणे मांडला होता. आणि टॉकिंग थेरपी, जी शांतपणे खुर्चीत बसून मिळते, तिथे हीच माणसं कमी पोचतात. वॉर्डवर हात धरणारे आम्ही, नर्स आणि केअर असिस्टंट, झिम्बाब्वेचे, नायजेरियाचे, केरळचे, एखादी माझ्यासारखी साताऱ्याची. मीटिंगला सायकॉलॉजिस्ट येतात त्या मात्र बहुतेक वेळा गोऱ्या बायका. चांगल्या असतात हो, मनापासून काम करतात. पण पेशंट त्यांच्याकडे बघतो आणि गप्प होतो, मग फाइलमध्ये लिहिलं जातं ‘नॉट एंगेजिंग’, म्हणजे उपचारांना साथ देत नाही.

आणि वातावरणाचं म्हणाल तर २०१९ ला लिव्हरपूलला क्लिनिकल सायकॉलॉजीच्या ट्रेनर लोकांच्या कॉन्फरन्समध्ये करमणुकीच्या नावाखाली गुलामांच्या लिलावाचा प्रवेश करून दाखवला होता. खोलीत काळे ट्रेनीसुद्धा बसलेले. नंतर माफी मागितली गेली. अशा खोलीत गोरा गरीब मुलगा आणि काळा गरीब मुलगा सारखेच बसतील का, तुम्हीच सांगा.

टेम्सकाठचा:
सिस्टर, लिव्हरपूलचं मला माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं, खरंच.

तरी एक सांगतो, हे मी फार कोणाला सांगितलेलं नाही. २०२० च्या मे महिन्यात माझे वडील सांगलीला गेले. विमानं बंद, जाता आलं नाही, चितेला अग्नी दिलेला मी व्हॉट्सअॅपवर बघितला. त्यानंतर सहा महिने झोप नाही. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) पाठवलं तेव्हा थेरपिस्ट होता एक आयरिश माणूस, साठीचा. त्याला दहावा-तेरावा काय ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, मी सांगितलं, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे कसे ताटकळत थांबतात ते पण सांगितलं, आणि मध्येच मी रडायला लागलो. तो पुढे वाकून नुसता बसला होता. मला त्या माणसाने उभं केलं. त्यामुळे पेशंट आणि थेरपिस्ट एकाच वंशाचे हवेत हे मला पटत नाही. ऐकणारा माणूस चांगला हवा.

सह्याद्री_ते_मिडलँड्स:
दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कुठल्या तोंडाने वाद घालू असं झालं, तरी घालते.

एक तर कायद्याचं. इथे कोटा नाहीये. इक्वॅलिटी अॅक्ट २०१० च्या कलम १५८ मध्ये पॉझिटिव्ह अॅक्शनला परवानगी आहे, म्हणजे एखादा गट मागे पडतोय असं मानायला आधार असेल तर त्याला तयारीसाठी जादा मदत देता येते, तीही गरजेच्या प्रमाणात. नोकरीत सरळ वंश बघून निवडता येत नाही, कलम १५९ प्रमाणे दोघं तोडीस तोड असतील तेव्हाच ते बघता येतं. डॉक्टरेटच्या सीटसाठी ही मुलं सगळ्यांच्याच रांगेत उभी राहतात. तेव्हा तुमच्या मुलीला कोणी ‘स्कीममधून आलीस’ म्हणालं तर ते खोटंच असेल, सीट तिने स्वतः मिळवलेली असेल.

दुसरं माझ्या सासूबाईंचं. त्यांची परवानगी घेऊन लिहितेय. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, जन्म सगळा नगर जिल्ह्यात गेलेला. जेवण तुटलं, दिवसभर खिडकीशी. जीपीने रेफर केलं, तिथे इंटरप्रिटर मागितला तर मराठीचा मिळाला नाही म्हणून हिंदीवाला आला, आणि मला मध्ये बोलू नका म्हणाले. नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा तो फॉर्म असतो, पीएचक्यू-नाइन, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. पहिलाच प्रश्न, गोष्टींमध्ये रस किंवा आनंद वाटत नाही का. सासूबाई म्हणाल्या, “मला इथं करमत नाही हो.” इंटरप्रिटर थांबला, आणि म्हणाला, ‘शी इज बोअर्ड.’ समोरच्या मुलीने शून्याला गोल केला. पुढे त्या म्हणाल्या, “जीव नुसता कासावीस होतो.” तर जीव म्हणजे त्याने लाइफ केलं, आणि ती मुलगी एकदम सावध होऊन आत्महत्येचे प्रश्न विचारायला लागली. सासूबाई घाबरल्या, मी काय चुकीचं बोलले गं, म्हणून माझा हात धरला. परत गेल्या नाहीत. त्या मुलीचा दोष नाही, इंटरप्रिटरचाही नाही. पण त्या टीममध्ये एक जरी असं माणूस असतं ज्याला करमत नाही म्हणजे काय ते पोटातून कळतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

शब्दवेडा_विदर्भ:
मेघाताई (नाव मागच्या धाग्यावरून आठवतंय), प्रसंग फार बोलका आहे पण त्यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. हा भाषेचा प्रश्न झाला. इथे जन्मलेल्या मराठी मुलाला तरी करमत नाही कळतं का? माझ्या भाच्याला नाही कळत. उलट नगरला पाच वर्षं राहिलेला एखादा गोरा मिशनऱ्याचा मुलगा असेल तर त्याला कळेल. मग जाहिरातीत सरळ लिहा, मराठी, सिल्हेटी, सोमाली, पंजाबी येणाऱ्यांना प्राधान्य. भाषा हे कौशल्य आहे, ते तपासता येतं, त्यावर कोणाचा आक्षेप येणार नाही. वंश तपासून काय मिळतं?

सह्याद्री_ते_मिडलँड्स:
हे पटलं. भाषेची अट वेगळी हवीच, मी त्या ट्रस्टला लिहीन. पण ती याच्या जोडीला हवी, बदल्यात नको, कारण जमैकन घरातल्या मुलाची भाषा इंग्लिशच आहे आणि तरी तो बाहेर राहतोच.

हॅरोची_पोर:
मी त्यातलीच. इथेच जन्मले, मराठी शाळा रविवारी, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. अशीच एक इंटर्नशिप मी केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पगारामुळे मी फार्मसीमधली वीकेंड शिफ्ट सोडली आणि पहिल्यांदा एक केस फॉर्म्युलेशन (पेशंटचा त्रास कशातून आला त्याची मांडणी) नीट वाचून, समजून, तीनदा खोडून लिहिलं. आणि हो, दुसऱ्या आठवड्यात एक असिस्टंट मला म्हणाली की लकी आहेस, आम्हाला असं काही नव्हतं. तेव्हा मी हसले, घरी येऊन आईच्या कुशीत रडले.

पण अजून एक आहे ज्यावर इथे कोणी बोललं नाही. आमच्या घरी पैसा फार नव्हता पण अगदी कमी पण नव्हता. कमी होती ती माहिती. आईबाबांना डॉक्टर, फार्मासिस्ट, अकाउंटंट एवढंच माहीत. सायकॉलॉजी म्हणजे वेड्यांचं बघणार का, लग्न कसं होणार, असं मावशी म्हणायची. युनिमधल्या मैत्रिणीची आई स्वतः सायकॉलॉजिस्ट, तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं की क्लिअरिंग हाउसचा, म्हणजे डॉक्टरेटच्या अर्जाचा फॉर्म कसा भरतात, रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर विचार करून, काय लिहायचं. मला ते शब्द बाविसाव्या वर्षी कळले. टेम्सकाठचे काका, तुमची दोन गाड्यांवाली घरं आहेत ना, त्या घरांतसुद्धा हे कोणाला माहीत नाही.

टेम्सकाठचा:
बेटा, तुझं मराठी छान आहे. आणि हे खरं आहे. माझ्या मुलीने ए-लेव्हलला सायकॉलॉजी घेतली तेव्हा मीच विचारलं होतं, याचा उपयोग काय. सहा महिने झोप नसताना ज्या माणसाने मला सावरलं त्याच्या धंद्याबद्दल मीच असं विचारलं.

माझं मत एवढ्यावर आलंय. पैसे द्या, माहिती द्या, मेंटॉर द्या. पण दारावरची पाटी अजून मला खुपते. ग्रिम्सबीच्या मुलाला तिथे पाऊल टाकता येत नसेल तर मी सही करणार नाही. दोन दारं करा, एक उत्पन्नावर, एक वंशावर. तेवढं ट्रस्टला लिहिणार असाल तर पत्रावर माझं नाव घाला.

शब्दवेडा_विदर्भ:
भाषेसकट लिहिणार असाल तर माझंही.

कोल्हापूरची_शाल्मली:
मला इथून सही करता येत नाही पण पत्र लिहून झालं की इथे टाका ना. मला आमच्या एचओडींना दाखवायचंय.

नाइट_शिफ्ट_सिस्टर:
पत्र लिहा, मी पण आहे. पण आधी ती जाहिरात मला पाठव गं, शेवटची तारीख कधी आहे? आमच्या वॉर्डवर एक केअर असिस्टंट आहे, हरारेची, सायकॉलॉजीची डिग्री आहे, आठवड्याला चार नाइट करते आणि गेली तीन वर्षं अर्ज भरतेय. आज माझ्याबरोबरच ड्यूटी आहे. दोन वाजता ब्रेक असतो, तेव्हा माझ्या फोनवर बसून भरू.

सह्याद्री_ते_मिडलँड्स:
शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. मेसेज केलाय बघ. दोन रेफरी लागतात, त्यातला एक वॉर्ड मॅनेजर चालतो, त्यांना आजच विचारून ठेव.