बाबांची एफडी खरंच सुरक्षित आहे का?

कोपऱ्यातला: बाबा साठीला कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख आले, ते सगळे एफडीत. महिन्याला तेवीस हजार व्याज येतं, ते घरखर्चात जातं. त्यांच्या मते जोखीम शून्य. माझं म्हणणं, महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत या ४० लाखांची किंमत निम्मी होणार, आणि तेवीस हजारांचीही. आई-बाबा दोघंही नव्वदीपर्यंत जगले तर? निम्मे पैसे तरी इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात) टाका म्हणून महिनाभर डोकं फोडतोय. माझं चुकतंय का?

हिशेबनीस: हो, चुकतंय. तुझी एसआयपी आणि त्यांचे पैसे एकाच तागडीत तोलू नकोस. तू दरमहा भरतोस, ते दरमहा काढणार. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात साडेआठ हजारांपर्यंत आला. समज, त्या जानेवारीत ४० लाख टाकून वर्षाला २.८ लाख काढायला सुरुवात केली असती. दहा महिन्यांत १६ लाख उरले असते, त्यातून काढलेले वेगळेच. ६० टक्के पडल्यावर मूळ जागी यायला १५० टक्के वाढ लागते. सेन्सेक्स ती पातळी खऱ्या अर्थाने मागे टाकेपर्यंत २०१३ संपत आलं. तुझ्यासारख्याला ती पडझड म्हणजे सेल. त्यांची मात्र शिदोरीच संपली असती.

कोपऱ्यातला: मी निम्मे म्हणालो, सगळे नाही. आणि दोन हजार आठचं भूत किती वर्षं दाखवणार? तेव्हा धीर धरलेले आज कुठे आहेत ते बघा.

हिशेबनीस: धीर धरायला पोटाची सोय लागते. शिवाय बाजार परततोच असं कुठे लिहून ठेवलंय? जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या शेवटी ३८,९०० वर होता. तो आकडा पुन्हा दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

गुंजभर: म्हणून आमच्याकडे सोनं. पडलं तरी कपाटात असतं.

हिशेबनीस: २०१२ ला तोळा तीस हजारांवर गेला आणि २०१८ लाही तिथेच घुटमळत होता. त्या सहा वर्षांत कपाटाने व्याज दिलं का?

वहिनीसाहेब: ज्येष्ठ नागरिक बचत योजना कुणालाच आठवत नाही? एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख आहे. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० हातात येतात. उरलेल्या दहातले तीन-चार दवाखान्यासाठी बाजूला ठेवा, बाकीचे फंडात. सासूबाईंचं असंच केलंय.

कोपऱ्यातला: चांगलं आहे, पण पाच वर्षांनी मुदत संपल्यावर दर काय असेल? पीपीएफ या सरकारी बचत योजनेलाही जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळायचे, एप्रिल २०२० पासून ७.१ आहेत. ही जोखीम नाही तर काय?

वहिनीसाहेब: आहे ना. म्हणून तर थोडे फंडात म्हणाले.

सांगलीकर: एक विचारू? एफडी नेमकी कुठे आहे? बँक बुडाली तर मिळणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत माणशी ५ लाख, व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. २०२० च्या आधी तर १ लाखच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. आणि पतसंस्था असेल तर हा विमाच नाही. आमच्या गावची एक बुडाली. आमच्या काकांनी मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवले होते, त्याला नऊ वर्षं झाली.

हिशेबनीस: हे मात्र आधी विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोपऱ्यातला: आत्ताच बाबांना विचारलं. २८ लाख दोन सरकारी बँकांत. बारा लाख पतसंस्थेत, एक टक्का जास्त मिळतो म्हणून. चेअरमन कारखान्यात त्यांच्याच खात्यातला, रोज सकाळी बरोबर फिरायला असतो. मुदतीआधी मोडली तर त्याला वाईट वाटेल, म्हणतात.